तीन पिवळ्या वायरी

टक्, टक्, टक्, टक्.

सेल्फचं बटण दाबल्यावर इंजिनाच्या गुरगुरण्याऐवजी पाल चुकचुकल्यासारखा हा आवाज आला, की समजावं, बॅटरी बसली. चुकचुकतो तो सीटखालचा रिले. तो स्टार्टरसाठी बॅटरीकडे वीज मागतो. बॅटरी भिडेखातर हो म्हणते आणि तेवढ्यानंच तिला धाप लागते. रिले हात सोडतो. हात सुटला की तिला जरा हुशारी वाटते, ती पुन्हा हो म्हणते. सेकंदाला पाच-सहा वेळा हा मागण्या-नाकारण्याचा खेळ चालतो आणि आपण वर बसून देवाचं नाव घेत असतो.

माझ्यावर ही वेळ आली ती दाभोळच्या खाडीत, फेरीबोटीवर. बोट धोपाव्याच्या धक्क्याला लागलेली, पुढची फळी खाली पडलेली, सगळ्यांत पुढे मी, आणि माझ्यामागे तीन मोटारी, एक छोटा हत्ती आणि नारळांनी भरलेला टेंपो. पाठीमागून हॉर्न सुरू झाले.

"उतरू का?" मागच्या सीटवरून सौभाग्यवतींनी विचारलं. आवाजात राग नव्हता. दोन वर्षांच्या सरावानं आलेली शांतता होती.

मी निवृत्त शिक्षक. तेहतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर लोक गुडघे बदलतात, मी वाहन बदललं. स्कूटर दिली आणि लांब पल्ल्याची मोटरसायकल घेतली. लडाखला जायचं होतं, ते यथावकाश कोकणावर आलं. पण गाडी मात्र लडाखला निघाल्यासारखी सजवली. दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे दोन जादा दिवे, हँडलवर मोबाइल चार्ज करायची सोय आणि एसटीलाही दचकवील असा हॉर्न. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "लग्नाच्या वरातीला देता का?"

त्या सगळ्या सजावटीला वीज लागते, ती येते कुठून, हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? अहो, मी दरवर्षी ते फळ्यावर काढलंय. विद्युतचुंबकीय प्रवर्तन, फॅरेडे, १८३१. उजव्या हाताची तर्जनी, मध्यमा आणि अंगठा एकमेकांना काटकोनात धरायचे. तर्जनी म्हणजे चुंबकीय क्षेत्र, अंगठा म्हणजे वाहकाची गती, मध्यमा म्हणजे प्रवर्तित विद्युतधारा. साठ मुलांचा वर्ग एकदम हात वर करून बोटं वाकडी करायचा तेव्हा भरतनाट्यमचा क्लास असल्यासारखं वाटे. इंजिनाच्या एका बाजूच्या कव्हरखाली हेच तर चाललेलं असतं. आतून चुंबकं बसवलेला एक वाडगा इंजिनाबरोबर गरगर फिरतो आणि त्याच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी गप्प बसून असतात. त्यांच्यातून तीन वायरी बाहेर येतात. बहुतेक गाड्यांत तिन्ही पिवळ्याच. त्यांतून येते ती प्रत्यावर्ती धारा. बॅटरीला ती चालत नाही, तिला दिष्टधारा लागते. म्हणून मध्ये एक पात्यापात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो. हा धारा सरळ करतो आणि जास्तीची वीज अडवतो.

अडवतो म्हणजे काय, तर जिरवतो. ही गंमत मला पुस्तकात कधी सापडली नव्हती. साध्या ठोकळ्याच्या गाडीत वेटोळी कायम ताकदीनिशी वीज करत राहतात, तुम्ही दिवे लावा नाहीतर लावू नका. घरात जेवायला दोन माणसं असोत की बारा, यांचा स्वयंपाक रोज पंगतीचा. उरलेलं सगळं ठोकळ्यानं गिळायचं आणि तापून बसायचं. कामावरून आलेल्या गाडीच्या त्या ठोकळ्याला चुकूनही हात लावू नये. मी लावलाय.

तर शब्द सगळे पाठ होते. अडचण अशी, की गॅरेजात ते शब्द कोणालाच ठाऊक नव्हते. पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा पुण्यातल्या एका मेकॅनिकला मी म्हणालो, "बॅटरीच्या अग्रांमधलं विभवांतर कमी झालेलं दिसतंय." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि आतल्या पोऱ्याला ओरडून सांगितलं, "अरे, काकांची बॅटरी डाऊन आहे." भाषांतर अचूक होतं.

बॅटरी बदलली. दीड महिन्यानं पुन्हा टक्, टक्. पुन्हा बदलली. ती वॉरंटीत मिळाली म्हणून मी खूश. तिसऱ्यांदा दुसऱ्या गॅरेजात गेलो. तिथं निदान झालं, "आरआर युनिट गेलंय." म्हणजे तोच गिळणारा ठोकळा. तो बदलला. चौथ्यांदा गाडी जिथून घेतली तिथं गेलो. त्यांनी जादा दिव्यांकडे बोट दाखवून हात झटकले. घरच्या हिशेबाच्या वहीत किराणा आणि दूध यांच्या मधोमध सौभाग्यवतींनी एक नवीन रकाना आखला होता, 'गाडी (वीज)'. त्याची बेरीज नऊ हजार सातशे चाळीसवर गेली होती. महावितरणचं बिल त्यापुढे किरकोळ वाटायचं.

बॅटरीची मला आता दया येते. वीज कमी पडली की पहिला आळ हिच्यावर. जुन्या घरात सासुरवाशिणीचं असायचं तसं. दूध नासलं, सूनबाई. पाऊस लांबला, सूनबाई. बिचारीच्या पोटात सहा घरं, प्रत्येकात शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल. गॅस्टन प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं १८५९ साली केलेली युक्ती अजून तशीच चालली आहे. एका घराचे दोन व्होल्टच्या वर थोडे, सहांचे मिळून पोट भरलेलं असताना बारा पूर्णांक सहा-सात. तिला घ्यायचं ठाऊक, द्यायचं ठाऊक. तयार करायचं तिच्या हाती काहीच नाही. पण तिला बाहेर काढून टेबलावर ठेवता येते, तिच्यावर किंमत छापलेली असते आणि दुकानदाराकडे तिच्यासारख्या वीस रांगेत उभ्या असतात. म्हणून गुन्हा तिचाच.

माझाही दोष लपवत नाही. मी मल्टीमीटर विकत आणला होता. पार्किंगमध्ये गाडी सुरू करून, थोडी रेस देऊन मोजलं, तर १३.१ व्होल्ट. बंद गाडीत १२.६ असायला हवेत, चालू गाडीत त्याहून जास्त. जास्त आहेत की! उत्तीर्ण. खरं म्हणजे चालू गाडीत चौदाच्या आसपास यायला हवं, पावणेचौदा ते साडेचौदा. पण तेहतीस वर्षं पस्तीस गुणांना पास करायची सवय झालेला हात. १३.१ बघून त्यानं बरोबरची खूण केली. शिवाय दिवे बंद ठेवून मोजलं. म्हणजे मुलाची परीक्षा घ्यायची, पण प्रश्न विचारायचे नाहीत.

असो. बोटीवर परत येतो.

एव्हाना माझ्याभोवती सल्लागार मंडळ जमलं होतं. दिसत नाही त्या गोष्टीवर मत देणं सोपं असतं, आणि वीज तर कोणालाच दिसत नाही. टोपली घेऊन बसलेल्या मावशी म्हणाल्या, "पेट्रोल हाय का बघा आधी." टेंपोवाला म्हणाला, प्लग साफ करा. तिकीट फाडणाऱ्याचं मत खाऱ्या हवेवर गेलं. एका तरुण मुलानं मात्र बाह्या सरसावल्या. "काका, दुसऱ्या गिअरमध्ये टाका, आम्ही ढकलतो."

चौघांनी मला धक्क्याच्या चढावर ढकललं. मी क्लच सोडला. गाडीनं एक आचका दिला आणि गप्प. पुन्हा ढकललं, पुन्हा आचका. तिसऱ्या खेपेला मला आठवलं आणि मी ते जाहीर केलं, की ही फ्युएल इंजेक्शनची गाडी आहे. पेट्रोलचा पंपही विजेवर आणि कधी किती पेट्रोल फवारायचं हे ठरवणारा तिचा मेंदूही विजेवर. बॅटरी एवढी बसल्यावर नुसतं ढकलून उपयोग नाही. चौघेही घामाघूम होते. "हे आधी नाही का सांगायचं, काका?" असं त्यांच्यातला एकच जण म्हणाला. बाकीच्यांनी ते डोळ्यांनी सांगितलं.

माझ्या मामांची बुलेट होती. तिला किक होती, आणि किक उलटी बसली की मामा आठवडाभर लंगडायचे. पण तिच्या हेडलाइटच्या डोक्यावर रुपयाएवढा एक काटेवाला मीटर होता. मधोमध शून्य. काटा एका बाजूला झुकला तर बॅटरीत वीज भरतेय, दुसऱ्या बाजूला झुकला तर घरातलं मोडून खाणं चाललंय. मामा दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघायचे, आजोबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तसे. माझ्या गाडीवर रंगीत पडदा आहे. तो मला कोणाचा फोन आला ते सांगतो. पुढच्या वळणाचा बाण दाखवतो. सर्व्हिसिंगची तारीख टळली की रागावतो. बॅटरी भरतेय की रिती होतेय, ही एकच गोष्ट तो मनात ठेवतो. हे ज्याला सुचलं असेल, त्याला एकदा भेटायचंय.

गाडी छोट्या हत्तीत चढवली. मी मागे गाडी धरून उभा, सौभाग्यवती पुढे ड्रायव्हरशेजारी. ड्रायव्हर बोलका निघाला. खिडकीतून हात बाहेर काढून त्यानं मला खुणेनं दाखवलं आणि ओरडून सांगितलं, "त्या अंगाला एन्रॉन!" अंजनवेल-वेलदूरची बाजू, काही किलोमीटरच्या अंतरावर. कंपनी जाऊन जमाना लोटला, वीजप्रकल्पाचं नाव केव्हाच बदललं, तरी इथल्या लोकांच्या तोंडात तो एन्रॉनच. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये तो बंदही पडला, विजेच्या दराच्या भांडणात. पुढे सरकारी कंपनीनं तो हाती घेतला. मी शाळेत असताना या प्रकल्पावर मुलांकडून निबंध लिहून घेतले होते, बाजूनं आणि विरोधात. आज मला बाजू-विरोध काही नको होतं. मेगावॉट वगैरे राहू द्या, मला दोनशे वॉट हवे होते.

शृंगारतळीच्या बाजाराच्या टोकाला चाचांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पुढे काजूचं झाड, झाडाला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. चाचा साठीच्या आसपासचे. अंगात बनियन, कानावर पेन्सिल. इथे हे गृहस्थ माझे जुने विद्यार्थी निघाले असते तर लेखाला चांगलं वळण मिळालं असतं, हे मला कळतं. पण ते नव्हते. ते माझ्याएवढेच होते आणि दहावीला गणितात गेले होते, हे त्यांनी आपणहून सांगितलं, मी शिक्षक आहे हे कळल्यावर लगेच. शिक्षकांना लोक आपले नापास विषय का सांगतात, कोण जाणे. डॉक्टरला गुडघा दाखवावा तसं. मला फॅरेडे आठवला. त्यालाही गणित फारसं येत नव्हतं. बुकबाइंडरकडे उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तकं वाचून तो शिकला. हे मी चाचांना सांगितलं. "कोण, इथलाच का?" त्यांनी विचारलं.

मी माझा मल्टीमीटर बाहेर काढला. चालू केला. पडदा कोरा. त्याच्या आतली बॅटरी संपली होती.

सौभाग्यवती काजूच्या झाडाकडे वळून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

चाचांनी कोपऱ्यातून एक मोटारीची बॅटरी ओढून आणली, दोन जाड वायरींनी माझ्या बॅटरीला जोडली आणि गाडी सुरू केली. हेडलाइट, जादा दिवे, सगळं लावायला सांगितलं. दहा मिनिटं गाडी तशीच चालू ठेवून स्वतः चहा पीत बसले. मला वाटलं, विसरले. चहा संपल्यावर उठले, सीट काढली, मान आत घातली आणि वास घेतला. कुत्र्यानं घ्यावा तसा, दोन-तीन ठिकाणी. मग कव्हरखाली हात घालून वायरींचे जाड जुडगे चाचपत गेले. एका जागी हात थांबला.

"मास्तर, बोट लावा. जपून."

कपलर होता. दोन बाजूंच्या वायरी एकमेकींत खोचून बसवायचा प्लॅस्टिकचा डबा. चटका बसला. चाचांनी गाडी बंद करून तो सोडवला. मूळचं पांढरं प्लॅस्टिक एका कोपऱ्यात तव्यावर विसरलेल्या पोळीच्या कडेसारखं तपकिरी झालं होतं. तीन पिवळ्या वायरी, त्यांच्या तीन पिना. दोन चकचकीत. तिसरी काळी, तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक वितळून पिनेला चिकटलेलं.

पण चाचा एवढ्यावर थांबले नाहीत. शेडच्या खिळ्यावरून त्यांनी हेडलाइटचा एक जुना बल्ब काढला, त्याला दोन वायरींच्या शेपट्या होत्या. कपलर सुटलेलाच ठेवून गाडी पुन्हा सुरू केली. "रेस नको देऊ, बल्ब उडेल," असं हाताखालच्या पोराला बजावलं आणि वेटोळ्यांकडून येणाऱ्या वायरींना बल्बच्या शेपट्या लावल्या. पहिली-दुसरी, बल्ब लागला. दुसरी-तिसरी, लागला. तिसरी-पहिली, तेवढाच लागला. "कॉइल एकदम बरी. दुसरा असता तर त्यानं ती पण बदलली असती."

भिंतीवर चांगला डिजिटल मीटर टांगलेला होता. मी विचारलं, तो का नाही वापरत? "तो गिऱ्हाइकाला दाखवायला. बल्ब माझ्यासाठी."

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. तिथंच सगळं लख्ख दिसलं. तीन वायरी म्हणजे विजेच्या तीन जोड्या. एक वायर तुटली की तीनपैकी एकच जोडी उरते. ही पूर्ण तुटलेली नव्हती, म्हणूनच लबाड. थंड असताना टेकायची, तापली की सोडायची. पिन जराशी सैल झाली, सैल झाली म्हणून रोध वाढला, रोध वाढला म्हणून तापली, तापली म्हणून आणखी सैल झाली. ज्यूलचा नियम. दोन गुणांचा प्रश्न, मी दरवर्षी घालायचो. जादा दिवे लावून घाटातून हळूहळू चालवली की जमेपेक्षा खर्च जास्त. दापोलीहून निघालो तोवर दोन दिवस हेच झालं होतं. मी हे सगळं चाचांना समजावून सांगू लागलो. ते ऐकत होते आणि कटरनं कपलर कापत होते.

"कपलर नवा नाही बसवणार?"

"कशाला? तो पण जळणार. डाग देतो."

वायरींची टोकं सोलली, पॉलिश पेपरनं घासून लाल तांबं वर आणलं, एकमेकींत पिळली आणि डाग द्यायला कावीया तापत ठेवला. मी घाईनं म्हणालो, "चाचा, कोणती कोणाला जोडायची ते लिहून ठेवलंय ना?" त्यांनी मान वर केली.

"पिवळीला पिवळी. कोणतीपण कोणालापण."

हे खरं आहे. तिन्ही वायरींतली धारा एकमेकींच्या मागोमाग सारख्या अंतरानं येते. ठोकळ्याला पहिली कोण, दुसरी कोण, याच्याशी कर्तव्य नसतं. मी हे शिकवू शकलो असतो. फक्त स्वतःच्या गाडीच्या बाबतीत त्यावर विश्वास ठेवायची हिंमत मला झाली नसती. पंगतीत कोण कोणाच्या शेजारी बसलं तरी चालतं, असं म्हणणाऱ्यांनाही घरच्या कार्यात पाटावर नावं लिहायची असतात.

डाग दिला. कथिल वितळून तांब्याच्या केसाकेसांतून आत शिरलं आणि क्षणभर आरशासारखं चमकून मंद झालं. त्याच्यावर रबरी नळी, नळीवर काळी टेप. चाचांनी मग खास माझ्यासाठी भिंतीवरचा मीटर काढला. गाडी चालू, सगळे दिवे चालू, थोडी रेस. १४.२.

"पास?" त्यांनी विचारलं.

मजुरी सांगितली दीडशे रुपये. मी पाचशे पुढे केले, तर त्यांनी सुटे मोजून परत दिले आणि वर ऐकवलं, "दिवे कमी करा मास्तर. रातीचे घरी बसायचं वय तुमचं." सौभाग्यवतींनी जळका कपलर कागदात बांधून पर्समध्ये टाकला. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "नऊ हजार सातशे चाळीस अधिक दीडशे. एवढं महाग काही माझ्याकडे नाही."

त्यानंतर गुहागर झालं, वेळणेश्वर झालं, हेदवी झालं. दर तासाला मी गाडी थांबवून कव्हरखाली बोट घालून बघत होतो. डाग थंड होता. चौथ्या दिवशी परतीला पुन्हा तोच धोपाव्याचा धक्का, तीच बोट. या वेळी मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. गाडी चालूच ठेवली. बोट सुटायच्या आत तिकीटवाला पुढून ओरडत आला, "ओ काका, इंजिन बंद करा!" जवळ आला आणि त्यानं मला ओळखलं. "हां. तुम्हीच ना ते?"

बंद केली. खाडी ओलांडायला किती वेळ लागतो हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी दाभोळ काही केल्या जवळ येईना. सौभाग्यवती कठड्याशी उभ्या राहून पाणी बघत होत्या. बोट वळली, साखळ्या खळखळल्या, फळी खाली गेली. एकेक गाडी उतरली. तिकीटवाला हात कमरेवर ठेवून माझ्याकडेच बघत उभा होता, आणि त्याच्याशेजारी बाह्या सरसावून दोन पोरं.

सौभाग्यवती मागे बसल्या. पर्स मांडीवर घेतली.

"लावा," त्या म्हणाल्या.